प्रीतिसंगमाचा काठ

महाबळेश्वराच्या जुन्या क्षेत्रांत पंचगंगेचें देवालय आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री ह्या पांच नद्यांचा उगम तेथें मानतात. गोमुखांतून पडणारें पाणी यात्रेकरू ओंजळींत घेतो, डोळ्यांस लावतो. त्यांतलें कोणतें पाणी कोणत्या नदीचें, हा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं. पुढें मात्र ह्या जणींच्या वाटा फुटतात. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोंकणांत जाते. कृष्णा वाईकडे वळते, आणि वेण्णा फार दूर न जातां साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेच्या गळां पडते. कोयना मात्र हट्टी. ती सह्याद्रीच्या दोन रांगांमधल्या अरुंद खोऱ्यांतून सरळ दक्षिणेस धांवत सुटते. आणि हेळवाकपाशीं तिला काय आठवतें कोण जाणे, ती एकाएकीं पूर्वेकडे तोंड फिरवते आणि पाटणावरून कऱ्हाडास येते. तेथें तिची आणि कृष्णेची पुन्हां भेट होते.

नद्यांचे संगम ह्या देशांत थोडे नाहींत. बहुतेक ठिकाणीं धाकटी नदी तिरकी येऊन थोरलीच्या प्रवाहांत अंग चोरून शिरते, आणि थोडें पुढें गेलें म्हणजे संगम झाला होता ह्याची खूणहि उरत नाहीं. कऱ्हाडास तसें होत नाहीं. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून येते, आणि दोघी समोरासमोर येऊन एकमेकींस भिडतात. मग दोघी मिळून काटकोनांत वळतात आणि पूर्वेची वाट धरतात. इंग्रजी लिपींतल्या टी ह्या अक्षराचा आकार पाण्यानें काढावा तसें तें दिसतें. माहेरीं ताटातूट झालेल्या दोन बहिणींनीं इतक्या वर्षांनीं अशी मिठी मारावी, हें पाहून लोकांनीं ह्या जागेला प्रीतिसंगम म्हटलें. नांव कोणी ठेवलें हें विचारण्याचें कारण नाहीं. काठावर उभें राहिलें म्हणजे दुसरें नांव सुचतच नाहीं.

ह्या संगमाच्या काठीं आज एक बाग आहे, आणि बागेजवळ, नदीला सन्मुख, एक समाधि आहे. ती महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ह्यांची. थोर पुरुषाचें स्मारक आणि त्याभोंवतीं हिरवळ, एवढें म्हटलें तर त्यांत नवल नाहीं. अशीं स्मारकें गांवोगांव आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या फाटकाला वर्षांतून दोनच दिवस कुलूप नसतें, एक जयंतीचा आणि एक पुण्यतिथीचा. कऱ्हाडच्या स्मारकाची गोष्ट तशी नाहीं. तें रोज गजबजलेलें असतें. तें कां, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे समाधीच्याहि मागें बरेंच जावें लागतें.

कऱ्हाड हें कांहीं काल वसलेलें गांव नव्हे. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयाच्या वर्णनांत करहाटकाचा उल्लेख आहे. मध्य भारतांत भरहुतच्या स्तूपासाठीं ज्यांनीं दानें दिलीं त्यांत करहकटचे लोक होते, असें तेथल्या ब्राह्मी लेखांवरून दिसतें. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ह्या गांवच्या माणसाच्या गांठीं पैसा होता, आणि तो एवढ्या दूर धर्मकार्यास पाठविण्याची बुद्धीहि होती. गांवाजवळच्या आगाशिवाच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. शिलाहारांच्या एका शाखेशीं ह्या गांवाचें नांव जोडलेलें आहे. पंतप्रतिनिधींचा कोट नदीकांठच्या उंचवट्यावर होता, आणि त्या कोटांतली पायऱ्यांची अजस्र विहीर नकट्या रावळाची विहीर म्हणून प्रसिद्ध आहे. एवढी पुंजी दुसऱ्या एखाद्या गांवाजवळ असती तर त्यानें उठल्याबसल्या ती मोजून दाखविली असती. कऱ्हाडकराला मात्र गांव दाखवा म्हटलें, तर तो लेण्यांकडे किंवा कोटाकडे नेण्याआधीं पाहुण्याला संध्याकाळीं संगमावर नेतो. त्याचा अभिमान दगडांत नाहीं, पाण्यांत आहे.

आणि हें पाणी केवळ पाहण्यासाठीं नव्हतें. कृष्णामाई ही गांवची देवता. तिचें देऊळ घाटावर, तिची यात्रा चैत्रांत. घाटावर स्नान होई, घाटावर धुणें होई, घाटावर पोरें पोहायला शिकत, आणि गेलेल्या माणसाचा दहावाहि घाटावरच होई. हीं सगळीं कामें एकाच उतरत्या पायऱ्यांवर, एकमेकांना न अडवतां, पिढ्यान् पिढ्या चाललीं. शहरच्या माणसाला ह्याचें आश्चर्य वाटतें. त्याला स्मशान निराळें, बाग निराळी, देऊळ निराळें आणि धोबीघाट निराळा लागतो, आणि प्रत्येकाला भिंत लागते. नदीकांठच्या गांवाची रीत निराळी असते. तेथें पायरी एक असते आणि वेळा वाटून घेतलेल्या असतात.

ह्या घाटाची एक कथा महाराष्ट्राच्या घरोघर ठाऊक आहे. संत सखू ही कऱ्हाडची. सासरच्या जाचाखालीं पिचलेली ही सून कृष्णेवर पाणी भरण्यास आली असतां पंढरीस निघालेली दिंडी तिच्या दृष्टीस पडली, आणि घागर तशीच ठेवून ती दिंडीबरोबर चालूं लागली. सासरच्यांनीं तिला मारीत घरीं आणलें, खांबाला बांधलें. मग पांडुरंग तिच्या रूपानें खांबाला बांधून घेऊन उभा राहिला आणि सखू पंढरीस गेली. प्रभात कंपनीनें 1941 सालीं ह्या कथेवर बोलपट काढला, तेव्हां ती मराठी न कळणाऱ्यांनाहि कळली. कथेंतला चमत्कार ज्याला पटत नसेल त्यानें तो खुशाल सोडून द्यावा. परंतु चमत्काराच्या आधींचा भाग सोडूं नये. सासुरवाशिणीला घरच्या उंबऱ्याबाहेर मोकळा श्वास घेण्याची, दुसरीशीं दोन शब्द बोलण्याची आणि क्षितिजाकडे पाहण्याची जी एक जागा समाजानें ठेवली होती, ती नदीचा घाट होती. सखूला पंढरीची वाट घरांत सुचली नाहीं, देवळांतहि सुचली नाहीं. ती घाटावर सुचली. नळ घरोघर आले आणि बायकांची ती वाट बंद झाली. त्यांची सोय झाली हें खरें. पण घागरीच्या निमित्तानें मिळणारी ती घटकाभराची मोकळीक नळांतून येत नाहीं. आज संध्याकाळीं ह्या काठच्या बागेंत लेकुरवाळ्या स्त्रिया जोडीजोडीनें फेऱ्या घालतांना दिसतात, तेव्हां बागेनें घाटाची एक जुनी जबाबदारी न सांगतां उचलली आहे असें म्हणावेंसें वाटतें.

आतां ज्यांच्या समाधीमुळें हा काठ महाराष्ट्राच्या नकाशावर निराळ्या खुणेनें दाखविला जातो, त्यांच्याकडे वळावें. यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, देवराष्ट्रें ह्या खेड्यांतला. तें खेडें तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. वडील कोर्टांत बेलिफ होते. प्लेगनें ते गेले तेव्हां मुलगा अगदीं लहान होता. विठाबाईंनीं मुलांना वाढविलें. शाळेसाठीं कऱ्हाड आलें, टिळक हायस्कूल आलें, आणि त्याबरोबर स्वातंत्र्याची चळवळ आली. 1932 सालीं ह्या विद्यार्थ्याला तुरुंगवास झाला. पुढें कोल्हापुरास पदवी आणि पुण्यास कायद्याचा अभ्यास करून तो वकिलीसाठीं परत कऱ्हाडासच आला. 1942 च्या जून महिन्यांत वेणूताईंशीं विवाह झाला, आणि दोन महिने होतात न होतात तोंच ऑगस्टचें आंदोलन पेटून नवरामुलगा भूमिगत झाला. त्या नवपरिणीत मुलीचें त्या वर्षांत काय झालें असेल, हें चरित्रकारांनीं सहसा एका वाक्यांत आटोपलेलें असतें.

मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, मग महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, 1962 सालीं चीनच्या आक्रमणानंतर देशाचे संरक्षणमंत्री, पुढें गृह, अर्थ, परराष्ट्र आणि 1979 सालीं उपपंतप्रधान, अशी ही चढती कमान. तिचा येथें पाढा वाचण्याचें प्रयोजन नाहीं. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. 1957 च्या निवडणुकींत संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटलेला असतां हे मुख्यमंत्री कऱ्हाडांतून उभे राहिले, आणि अगदीं थोडक्या मतांनीं निवडून आले. आज ज्या गांवानें त्यांची समाधि आपल्या अंगणांत मानाची म्हणून जपली आहे, त्याच भागांतल्या जवळ जवळ अर्ध्या मतदारांनीं त्या वर्षीं त्यांना नाकारलें होतें. ह्यांत विसंगति कांहीं नाहीं. घरच्या माणसाशीं भांडण्याचा अधिकार घरच्यांनाच असतो.

दिल्लींत इतकीं वर्षें काढलीं तरी ह्या माणसाचें मन पाण्यानें कृष्णेशींच बांधलेलें राहिलें. त्यांनीं आत्मचरित्र लिहावयास घेतलें तेव्हां त्याचे तीन भाग योजिले, आणि तिन्ही पाण्याच्या नांवानें: पहिला कृष्णेच्या काठचा, दुसरा मुंबईच्या सागराच्या काठचा, तिसरा दिल्लीच्या यमुनेच्या काठचा. 1983 सालीं वेणूताई गेल्या. कृष्णाकांठ हा पहिला भाग 1984 सालीं प्रसिद्ध झाला. पुढचे दोन भाग लिहून व्हावयाचे होते. परंतु त्याच वर्षीं 25 नोव्हेंबरला दिल्लींत यशवंतरावांचा अंत झाला. ज्या यमुनेवर लिहावयाचें राहिलें होतें तिच्या काठीं त्यांना ठेवलें नाहीं. त्यांचा देह कऱ्हाडास आणला आणि प्रीतिसंगमावर अग्नि दिला. पहिला भाग लिहून झालेल्या नदीपाशींच पुस्तक मिटलें.

यमुनाकाठचीं स्मारकें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना कऱ्हाडचा निराळेपणा चटकन जाणवेल. राजघाट, शांतिवन, विजयघाट, हीं नांवें नदीचीं आणि घाटाचीं; विस्तार मोठा, हिरवळ निगेची, शांतता गंभीर. परंतु तेथून कोणी नदीवर जात नाहीं. नदी दूर सरली आहे, आणि मधें रस्ते आले आहेत. तेथें येणारा माणूस पाहुणा असतो. तो पादत्राणें काढतो, प्रदक्षिणा करतो, फूल वाहतो आणि मोटारींत बसून परत जातो. राजधानीच्या स्मारकाला असेंच असावें लागतें, त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण स्मारक बांधून त्याकडे लोकांनीं यावें अशी वाट पाहणें वेगळें, आणि लोक ज्या वाटेनें रोज जातच होते त्या वाटेवर स्मारक होणें वेगळें. कऱ्हाडांत दुसरा प्रकार घडला. कृष्णेच्या काठीं समाधि असणें हें महाराष्ट्राला नवीनहि नाहीं. वर संगम माहुलीस छत्रपति शाहूंची समाधि आहे. नदीकांठीं मृतांनीं आणि जिवंतांनीं शेजारीं राहावें, ही ह्या खोऱ्याची जुनीच चाल आहे.

पहांटे काठावर पहिले येतात ते फिरावयास निघालेले म्हातारे. काठाचें तोंड पूर्वेस असल्यामुळें सूर्य समोर, एकवटलेल्या नदीच्या वाटेवर उगवतो. ह्या मंडळींच्या गप्पांना विषय लागत नाहीं. पेन्शन, सांध्याचें दुखणें आणि पुण्यामुंबईस असलेलीं मुलें एवढी सामग्री पुरते. जातां जातां कोणी समाधीपुढें क्षणभर थांबून हात जोडतो. तो हात जोडणें हें राजकारण नव्हे, भक्तीहि नव्हे. वाटेंतल्या मारुतीला आणि ओळखीच्या वडीलधाऱ्याला माणूस जसा रामराम घालतो तशी ती गोष्ट आहे. ऊन वाढलें कीं घाटावर दहाव्याचीं माणसें येतात, भटजी दर्भ मांडतात, कावळ्याची वाट पाहिली जाते. दुपारीं झाडाखालीं कॉलेजांतलीं मुलें पुस्तक उघडून बसतात. पुस्तकाकडे सर्वच पाहतात असें नाहीं. संध्याकाळ ही सर्वांची. भेळेच्या गाड्यांवर चुरमुऱ्यांत कांदा मिसळल्याचा वास दरवळूं लागतो, फुगेवाला येतो, लहान मुलें घसरगुंडीवरून उतरावयास तयार नसतात, आणि त्यांना धरून आणण्यास गेलेले आजोबा तेथेंच बांकावर बसतात. गणेशोत्सवाच्या अखेरीस सबंध गांव ह्याच काठाला येऊन थांबतें.

समाधीच्या शेजारीं भेळ खावी काय, असा प्रश्न एखाद्या सोंवळ्या मनाला पडेल. तो गैरवाजवी नाहीं. स्मारकाचें गांभीर्य राखावें असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. कागदाचे द्रोण हिरवळीवर टाकणाऱ्याची बाजू कोणींच घेऊं नये. परंतु गांभीर्य म्हणजे निर्मनुष्यता नव्हे. ज्याच्या शेजारीं मुलें खेळतात तो मेलेला माणूस गांवाच्या बोलण्यांत राहतो. ज्याच्याभोंवतीं कुंपण आणि पहारेकरी असतो तो पाठ्यपुस्तकांत राहतो. शहरांत यशवंतरावांचीं आणखीहि स्थानें आहेत. विरंगुळा हें त्यांचें घर आहे, वेणूताईंच्या नांवाचें स्मारक आहे, आणि त्या स्मारकांत त्यांचा ग्रंथसंग्रह आहे. ज्याला यशवंतराव वाचावयाचे त्यानें तिकडे जावें. संगमावर ते वाचण्यासाठीं नाहींत.

वर्षांतला एक दिवस मात्र हा काठ कऱ्हाडचा राहत नाहीं. 25 नोव्हेंबरला राज्याच्या सर्व पक्षांचे पुढारी येथें येतात. आदल्या रात्रीं रस्ते झाडले जातात, पोलीस उभे राहतात, पहांटेपासून मोटारींची रांग लागते, आणि पुष्पचक्रांचा ढीग होतो. एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे त्या दिवशीं एकाच समाधीपुढें वांकतात. जो तो आपणच यशवंतरावांचा वारस असें सुचवितो. आणि समाधि बोलत नसल्यामुळें प्रत्येकाचें चालून जातें.

गेल्या कांहीं वर्षांत ह्या दर्शनाला भलतीच धार आली. 23 नोव्हेंबर 2019 रोजीं पहांटे मुंबईंत एक अनपेक्षित शपथविधि झाला, राज्य हादरलें, आणि दोनच दिवसांनीं शरद पवार कऱ्हाडास समाधीपुढें उभे होते. 2 जुलै 2023 रोजीं त्यांचा पक्ष दुभंगला. दुसऱ्या दिवशीं गुरुपौर्णिमा होती, आणि त्यांनीं आपली वाट पुन्हां सुरू केली ती ह्याच ठिकाणाहून. गुरूच्या दिवशीं गुरूच्या समाधीपाशीं जावें, ह्यांतला अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाहीं. 2024 सालीं निवडणुकीचे निकाल लागून दोन दिवस झाले होते तेव्हां, 25 नोव्हेंबरला, परस्परविरुद्ध पक्षांतले अजित पवार आणि रोहित पवार हे चुलते-पुतणे येथें समोरासमोर आले, आणि पुतण्यानें वांकून चुलत्यांच्या पायांना हात लावला. समोरासमोर येऊन भिडणाऱ्या दोन प्रवाहांच्या काठावर हें घडावें, हा योगायोग वर्तमानपत्रांनींहि सोडला नसता. कऱ्हाडकर हें सर्व पाहतो, कौतुकानें पाहतो, आणि दुपारीं मोटारी निघून गेल्या म्हणजे सायंकाळच्या फेरीस काठ मोकळा झाला कीं नाहीं, ह्याची चौकशी करतो.

येथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पण ह्या काठाचें जीवन ज्यावर चालतें त्या पाण्याविषयीं बोलल्यावांचून ती पुरी होत नाहीं. संगमावर जी कोयना येते ती आतां स्वतःच्या मर्जीनें येत नाहीं. हेळवाकच्या वर कोयनानगरास तिला धरण घातलेलें आहे. शिवाजीसागर हें त्या जलाशयाचें नांव. धरणांतलें पुष्कळसें पाणी बोगद्यांनीं सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस नेलें, पोफळीकडे खोल पाडलें, आणि त्यावर वीज निर्माण केली. तें पाणी पुढें वाशिष्ठीच्या पात्रांतून चिपळुणाकडे अरबी समुद्रास जातें. जी नदी उगमापासून हट्टानें समुद्राकडे पाठ करून बहिणीकडे धांवली, तिचें पाणी माणसानें डोंगर फोडून समुद्राकडे वळविलें. यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत ह्या प्रकल्पाचें बांधकाम जोरांत होतें, आणि 1962 पासून तेथली वीज मिळूं लागली. महाराष्ट्राचे कारखाने, मुंबईचे दिवे, ह्यांत त्या विजेचा वाटा मोठा आहे. तो नाकारणें कृतघ्नपणा होईल.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. जलाशयाखालीं गांवें गेलीं. त्या गांवच्या लोकांचें पुनर्वसन हा प्रश्न धरण पुरें झालें तेव्हां सुटला नाहीं. त्यासाठीं त्यांना अनेक दशकें अर्ज, मोर्चे आणि धरणीं करावीं लागलीं. 11 डिसेंबर 1967 च्या पहांटे कोयनानगरास मोठा भूकंप झाला. शेंकडों माणसें मेलीं-जखमी झालीं आणि खोऱ्यांतलीं घरें कोसळलीं. खालीं खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सहकाराच्या ज्या विचाराला यशवंतरावांनीं बळ दिलें त्यानेंच शेतकऱ्याच्या घरीं पैसा आणला. आणि त्याच कारखान्यांची मळी, काठच्या शहरांचें सांडपाणी, हीं कृष्णेच्या पदरीं पडलीं. समाधीपुढें वांकणाऱ्यानें हें आठवावें अशी अपेक्षा करणें जास्त होईल काय? स्मारक ज्या पाण्याकडे तोंड करून आहे तें पाणी ह्या माणसाच्या कर्तृत्वाचें आणि त्या कर्तृत्वाच्या किंमतीचें, दोहोंचें साक्षी आहे. पुष्पचक्रें समाधीला पुरेशीं मिळतात. नदीच्या वांट्याला निर्माल्य येतें. कऱ्हाडांत मूर्ति आणि निर्माल्य नदींत न टाकतां वेगळें द्यावें म्हणून खटपट करणारे लोक आहेत. त्यांचें काम भाषणांत सांपडत नाहीं, पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं घाटाकडे पाहिलें म्हणजे तें किती झालें आणि किती राहिलें हें सहज मोजतां येतें.

पावसाळ्यांत नदी ह्या सर्वांची वाट न पाहतां आपला हिशेब स्वतः करते. महाबळेश्वर आणि कोयनाखोरें हा महाराष्ट्रांतल्या अतिवृष्टीचा मुलूख. धरण भरत आलें कीं दरवाजे उचलावे लागतात. तिकडून कृष्णाहि फुगलेली येते, आणि समोरासमोरच्या ह्या भेटींत एकीचा लोंढा दुसरीला तुंबवून धरतो. प्रीतीच्या संगमाला तेव्हां तें नांव शोभत नाहीं. 2005 सालीं आणि पुन्हां 2019 च्या ऑगस्टांत ह्या खोऱ्यानें जो पूर पाहिला तो कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या लोकांच्या अजून डोळ्यांपुढें आहे. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात, पाणी देवळांकडे चढतें, बागेची खालची बाजू दिसेनाशी होते. तशा दिवसांत गांवांतला माणूस छत्री घेऊन उंचवट्यावर येतो, कालच्या खुणेशीं आजचें पाणी ताडून पाहतो, आणि घरीं जाऊन सांगतो. धरणांतून किती पाणी सोडलें हें आतां हातांतल्या यंत्रावर घरबसल्या कळतें. तरी तो येतोच.

पूर ओसरला म्हणजे पायऱ्यांवर बोटबोट गाळ बसलेला असतो. झाडांच्या फांद्यांत चिंध्या आणि उंसाचीं पाचटें अडकलेलीं असतात, बांक लाल मातीनें माखलेले असतात. नगरपालिकेचीं माणसें पाण्याचा फवारा आणि खोरीं घेऊन येतात. त्यांच्याबरोबर पुष्कळदां तरुण मंडळांचीं पोरें आपण होऊन हात लावतात. आधीं देवळापुढची जागा धुतली जाते, मग समाधीची, मग वाट. पोहणारे काठाशीं उभे राहून पाण्याचा रंग पाहतात आणि आज नको म्हणून परत फिरतात. कोणी म्हातारा ओली बांक हातरुमालानें पुसून बसतो. हिरवळीवरचा गाळ पुरता वाळावयाच्या आधींच, एखाद्या उघडिपीच्या संध्याकाळीं, भेळेची पहिली गाडी आपल्या जागेवर येऊन उभी असते.